चार दिवस येऊन गेला

“ही कोण?” काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने धाकटीकडे बोट दाखवलं. दुभाषी बाईंनी प्रश्न आपल्या भाषेत आणून भिंगरीपुढे ठेवला.

“काकू,” भिंगरी म्हणाली.

“आणि आई?”

“आई घरी आहे. तिला आज दुकानात बसायचंय.”

दुभाषी बाई इमानी होत्या आणि घात झाला तो त्यांच्या इमानामुळेच. पोरगी जे बोलली तेच त्यांनी शब्दाला शब्द लावून पलीकडे पोचवलं. समोर बसलेली बाई मुलीच्या वडिलांच्या भावाची बायको आहे, आई घरी आहे. इतका वेळ अधिकारी जांभई दाबत कागद चाळत होता. आता तो सरळ बसला आणि धाकटीकडे असा बघायला लागला, जसं दुकानात खोटी नोट आल्यावर माणूस ती उजेडात धरून बघतो.

धाकटीने हे सांगायचं तरी कसं? थोरल्या जावेचे दोन मुलगे आधी जन्मले. ते आपल्या आईला आई म्हणत आणि धाकटीला काकू. भिंगरी झाली, बोलायला लागली, आणि दादालोक जे म्हणतात तेच म्हणायला लागली. थोरली आई, धाकटी काकू. कोणी दुरुस्त केलं नाही, कारण त्या घरात हे चालतच आलं होतं. थोरले भाऊजी स्वतः आपल्या सख्ख्या वडिलांना ‘काका’ म्हणत म्हातारे व्हायला आले होते. पण काचेपलीकडच्या माणसाला असल्या घरांशी काही देणंघेणं नव्हतं. तिने घाईघाईने सांगितलेलं सगळं त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. हे मान हलवणं विश्वासाचं नाही, हे तिला कळलं.

“परवा पुन्हा या,” दुभाषी बाई म्हणाल्या. “मुलीला पुन्हा विचारतील. समाधान झालं तर ठीक. नाही झालं, तर तिघांच्या रक्ताची तपासणी. तुमच्या, मुलीच्या आणि वडिलांच्या.”

‘तिघांच्या’ म्हटल्यावर धाकटी भिंगरीला घेऊन उठलीच.

तिचा नवरा भिंगरीच्या जन्माआधीपासून सीमेपलीकडे होता. यंदा त्याला तिथलं नागरिकत्व मिळालं. तिथला नियम असा, की नागरिकाचं मूल दहा वर्षांच्या आतलं असेल आणि आईबापांबद्दल काही संशय नसेल, तर ते आपसूक नागरिक होतं. संशय आला तर मूल साध्या रांगेत जातं, आणि त्या रांगेत लोकांचे केस पिकतात. धाकटी स्वतः अडीच वर्षांपूर्वी कामाच्या परवान्यावर पलीकडे गेली होती. म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात ती परिचारिका होती. भिंगरीला तिने थोरलीच्या हवाली केलं होतं आणि आता रजा घेऊन तिला न्यायला आली होती. रजा संपत आली होती. भिंगरीला आठ वर्षं पूर्ण झाली होती.

घराकडे चालताना भिंगरी तिचं बोट धरून उड्या मारत होती, आणि धाकटी मनातल्या मनात एकच गोष्ट उलटसुलट करत होती. तपासणीत खोटं निघेल, ही तिची भीती नव्हती. खरं निघेल, ही होती.

नवऱ्याला नागरिकत्व मिळालं ते एका शपथेवर. ठरलेली वर्षं सलग पलीकडे काढायची, मधे एकदाही सीमा ओलांडायची नाही, ओलांडली तर सगळी वर्षं पाण्यात. त्याने ओलांडली होती. लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच गेलेला माणूस, दीड वर्षातच त्याचा धीर सुटला. लाकडं वाहणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरशी दोस्ती होती. त्याच्याबरोबर ना शिक्का ना नोंद असा तो अलीकडे आला. सीमेजवळच्या गावात एक कळकट लॉज होता. धाकटी घरी ‘परिचारिकेची परीक्षा आहे’ सांगून तिथे गेली. चार दिवस राहिले आणि आल्या वाटेने तो परत गेला. त्या चार दिवसांची भिंगरी.

पुढे ‘मी कुठेही गेलो नाही’ अशी शपथ त्याने घेतली आणि त्यावर सगळं उभं राहिलं. त्याची शपथ एका कचेरीत होती आणि पोरीचा अर्ज दुसऱ्या; दोन्हींच्या तारखा अजून कोणी शेजारी ठेवल्या नव्हत्या. आता रक्ताने सांगितलं की पोर याचीच, तर पुढचा प्रश्न शेंबडं पोरही विचारेल. तू इकडे आला नाहीस, ही तिकडे गेली नाही, मग ही झाली कशी? पोरीचं तर बुडेलच, बापाचंही बुडेल.

घरच्यांना हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. धाकटीला दिवस गेले तेव्हा नवऱ्याने थोरल्या भावाला फोन करून एवढंच म्हटलं होतं, “मूल माझं आहे. यापुढे कोणी एक अक्षर विचारायचं नाही.” आणि कोणी विचारलं नाही. धाकटी समजली, घर शहाणं आहे. न सांगता ओळखलंय आणि कायद्याच्या भीतीने तोंड शिवलंय. या शहाणपणाबद्दल ती आठ वर्षं मनोमन त्यांचे आभार मानत आली होती.

घर म्हणजे खाली चष्म्यांचं दुकान आणि वर तीन खोल्या. खाली भिंगांच्या कडा घासायचं यंत्र सुरू झालं की वरच्या खोलीतल्या कपबशा थरथरत. आज यंत्र बंद होतं. थोरले भाऊजी दुकानाचं दार लोटून वर आले होते. कपाळावर चढवलेलं भिंग काढायचं ते विसरले होते, त्यामुळे त्यांना तीन डोळे असल्यासारखं दिसत होतं. नणंद अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. ती एका वकिलाकडे टायपिस्ट होती, आणि कायद्याचं जे काही तिच्या बोटांखालून जाई ते सगळं आपल्याला कळतं असा तिचा समज होता. तिचा स्वतःचा पलीकडे जायचा अर्ज दोनदा परत आला होता.

“झालं का काम?” थोरलीने चहाचं आधण ठेवत विचारलं.

“तुम्हीच सांगा, ताई,” धाकटी म्हणाली. “हिला काय पढवून पाठवलं होतं?”

“मी?”

“सकाळी वेणी घालताना हिच्या कानात काहीतरी सांगत होतात. मी दारातून बघितलं.”

“अगं, नाक बाहीला पुसू नकोस म्हणून सांगत होते! दुसरं काय सांगणार?”

मग धाकटीने काय घडलं ते सांगितलं. भिंगरीला खिडकीपाशी पाटी देऊन बसवलं होतं. ती चित्र काढत होती आणि कान इकडे ठेवून होती. ऐकता ऐकता थोरलीचा चेहरा पडला.

“ती लहानपणापासून तेच म्हणते,” ती म्हणाली. “तुझ्यासमोरच म्हणते. तू कधी टोकलं नाहीस.”

“मोठ्या वहिनीला पोर सोडवत नाही, हे काय आज कळलं?” नणंदेने चहात साखर ढवळत सांगून टाकलं. “अडीच वर्षं सांभाळलंय. मुलगे बाहेरगावी शिकायला, मुलगी पलीकडे गेली की हिचं घर रिकामं. ओठांतून नसेल शिकवलं, पण पोटात काय होतं ते पोरांना बरोबर कळतं.”

“तू गप्प बस गं,” भाऊजी म्हणाले.

“का गप्प बसू? वहिनी विचारतेय ते चूक आहे का?”

नणंद आपल्या बाजूने बोलतेय हे पाहून धाकटीला बरं वाटायला हवं होतं. पण ही बाई फुकट कोणाची बाजू घेत नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. दोनदा अर्ज फेटाळलेल्या बाईला आठ वर्षांची भाची एका झटक्यात नागरिक झालेली कितपत रुचेल, हाही प्रश्नच होता. आणि थोरलीचं ते डोळे भरून बघणं, त्यात दुःख किती आणि कांगावा किती? संशयाचं हे असं असतं. एकदा डोळ्यावर चढला की त्याचा नंबर वाढतच जातो, आणि काढून ठेवायला तो काही चष्मा नव्हे.

“बरं, आता पुढे काय?” भाऊजींनी विचारलं. डोळे तपासताना गिऱ्हाइकाला विचारतात त्याच सुरात ते घरातही विचारत. “हे करायचं की ते करायचं? कुठलं जास्त स्पष्ट दिसतं?”

“परवा भिंगरीला पुन्हा विचारणार,” धाकटी म्हणाली. “नाहीतर रक्ताची तपासणी. तिघांची.”

“छे!” भाऊजी म्हणाले.

“नको गं बाई!” थोरली म्हणाली.

दोघं एकदमच. वीस वर्षांच्या संसारात या नवरा-बायकोचं दुकानाच्या पाटीच्या रंगावरसुद्धा एकमत झालं नव्हतं. धाकटीने दोघांकडे बघितलं. भाऊजी घाईघाईने कपाळावरचं भिंग उतरवून शर्टाला पुसायला लागले.

“तपासणी-बिपासणीच्या फंदात पडायचं नाही,” ते भिंगाशीच बोलल्यासारखं बोलले. “पोरीला नीट समजावू. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

म्हणजे यांना माहीत आहे, धाकटीला वाटलं. बरोबर ओळखलंय यांनी. तिच्या जिवात जीव आला आणि थोरलीवर घेतलेल्या आळाची लाज वाटली.

“मला नाही समजत,” नणंदेने कप खाली ठेवला. “का नको तपासणी? आमच्या साहेबांकडे असं प्रकरण आलं होतं. आठवड्यात निकाल, सोक्षमोक्ष. सरळ मामला असेल तर भ्यायचं काय कारण? काय गं वहिनी, तुला तर चालेल ना?”

“पोरीला सुई टोचणार…” धाकटी म्हणाली.

“सुईचं काय घेऊन बसलीस? लसी टोचल्याच की.” नणंद तिच्याकडे टक लावून बघत होती. “बरं आठवलं. तुझ्या त्या परीक्षेचा निकाल कधी लागला गं? सीमेकडे गेली होतीस बघ, भिंगरीच्या आधी. पुढे काही बोललीच नाहीस.”

भिंगरीची पेन्सिल पाटीवर कुरकुरायची थांबली होती.

“नापास झाले,” धाकटी म्हणाली.

“अच्छा,” नणंद म्हणाली. “नापास.”

“तू खाली जा,” थोरली नणंदेला म्हणाली. इतक्या वर्षांत हा आवाज कोणी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. “दार नुसतं लोटलंय. गिऱ्हाईक येईल. भिंगरीला घेऊन जा. अहो, तुम्हीही जा.”

तिघं खाली गेले. थोरलीने स्वयंपाकघराचं दार आतून लावलं, ओट्याला टेकून उभी राहिली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तपासणी होणार नाही. मी होऊ देणार नाही.”

“ताई, मघाशी मी जे बोलले…”

“ते सोड. मला एक सांग, आठ वर्षांत मी तुला काही विचारलं का?”

“नाही.”

“आजही विचारत नाही. कोण होता, कुठला होता, मला जाणून घ्यायचंच नाही. वय काय होतं तुझं? हळद उतरायच्या आत नवरा परमुलखात. माणसाचा पाय घसरतो. माझ्या दिराचं मन आभाळाएवढं, म्हणून त्याने फोन करून सांगितलं, मूल माझं आहे. त्याच दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं, तो म्हणतो ना त्याचं, मग त्याचं. विषय संपला.”

धाकटीला आधी शब्दच समजेनात. ‘कोण होता’ म्हणजे कोण? मग एकदम समजलं, आणि कोणीतरी फाडकन मुस्काटात मारल्यासारखे तिचे गाल तापले. ज्याला ती शहाणपण समजत होती, ती दया होती. आठ वर्षं या घरात सणसणीत गैरसमजाचं अन्न ती गोड मानून खात होती.

“आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही चिंता नको,” थोरली सांगतच होती. “मी तेव्हाच सगळीकडे सांगून ठेवलंय. समोरच्या बेकरीवालीला, कोपऱ्यावरच्या शिंप्याला. ‘चार दिवस येऊन गेला. रात्री आला, पहाटे गेला, कामात होता म्हणून कोणाला भेटला नाही.’ आजवर कोणी शंका घेतली नाही.”

“चार दिवस?” धाकटीच्या तोंडून निघून गेलं. चोराच्या मनात चांदणं; क्षणभर तिला वाटलं, ही सगळं जाणते आणि मला खेळवते आहे. पण थोरलीच्या चेहऱ्यावर कसलाच डाव नव्हता. एक खोटं नीट पचवल्याचं साधं समाधान होतं.

“चारच सांगितले,” ती म्हणाली. “जास्त सांगितलं तर लोक विचारतात, मग दिसला कसा नाही.”

संध्याकाळी धाकटीने गच्चीवर जाऊन नवऱ्याला फोन लावला. चारचौघांत ती त्याला अहो म्हणे, फोनवर तू.

“मी यांना खरं सांगणार आहे,” ती म्हणाली.

“वेड लागलंय का? परवा मुलाखत आहे. घरात सांगितलं की दुकानात गेलं, दुकानात गेलं की माझ्या बहिणीच्या वकिलाकडे गेलं. तू कोणाला काही बोलली नाहीस ना?”

“मला हे लोक काय समजतात, माहितेय तुला?”

पलीकडे कुठेतरी भांडी आदळल्याचा आवाज येत होता. तो एका उपाहारगृहात रात्रपाळीला होता.

“तुला माहीत होतं,” धाकटी म्हणाली.

“दादा एकदा म्हणाला होता, ‘तुझं मन मोठं आहे रे.’ मला आधी कळलंच नाही कशाबद्दल ते.”

“मग कळल्यावर काय म्हणालास?”

“काही नाही म्हणालो.”

“काही नाही म्हणालास!”

“अगं, काय म्हणणार होतो? शपथ घ्यायला सहा महिने होते. आणि मला माहीत आहे ना खरं काय ते. मग झालं तर.”

“तुला माहीत असून मला काय उपयोग? तू तिकडे आहेस. मी इथे ताईंच्या हातचा चहा पितेय.” तिचा आवाज चढला तसा तिने तोंडावर हात धरला. “तुझं मन मोठं, आणि माझा पाय घसरलेला! बरी वाटणी केलीस.”

“भिंगरीचा कागद एकदा हातात येऊ दे,” तो म्हणाला. “मग सगळ्यांना सांगू. देवाशपथ.”

त्याच्या शपथांचं मोल तिला आता कळलं होतं. तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने फर्मान काढलं. “आजपासून मी काकू, ही आई. जो चुकेल त्याला शिक्षा.” भिंगरीला खेळ वाटला. ती घरभर पळत सुटली, भाऊजींना आत्या म्हणाली, आत्याला आजोबा म्हणाली, हसून हसून तिचं पोट दुखलं. भाऊजीही हसले. धाकटी मात्र थोरलीकडेच बघत होती. ही इतक्या तडकाफडकी तयार झाली, ती कशासाठी? पोरीच्या भल्यासाठी, की धाकटीचं पाप झाकण्यासाठी? दोन्ही एकच होतं, आणि तेच धाकटीला सोसवत नव्हतं.

खेळ दुपारपर्यंत टिकला. मग भिंगरीला कंटाळा आला आणि ती नेहमीचं बोलायला लागली, तेव्हा थोरलीने ‘ओ’ देणं बंद केलं. ‘आई, पाणी दे’ म्हटलं तर ती डबे पुसत राही. ‘काकू’ म्हटलं की लगेच वळे. भिंगरीने एकदा हाक मारली, दोनदा मारली, पायाला मिठी मारली. थोरलीने तिचे हात हळूच सोडवले आणि कणगीच्या मागे काहीतरी शोधत वाकून बसली. बराच वेळ ती तिथेच वाकलेली होती.

मुलाखतीच्या दिवशी वेणी घालायची वेळ झाली तेव्हा थोरलीने कंगवा धाकटीच्या हातात दिला. धाकटीचा हात बसलेला नव्हता. भांग वाकडा निघाला, रिबीन निसटली. भिंगरी मुकाट बसून राहिली. मग मान न वळवता, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “काकू, आई माझ्यावर रागावलीय का?”

“काकू नाही,” थोरली तिकडून म्हणाली. तिची पाठ होती. “आई म्हण तिला.”

भिंगरीने शहाण्यासारखं सगळं नीट जुळवून पुन्हा विचारलं, “आई, आई माझ्यावर रागावलीय का?”

थोरली दुकानात निघून गेली. धाकटीने रिबिनीची गाठ इतकी आवळली की भिंगरी ओरडली.

काचेपलीकडे तोच अधिकारी होता आणि त्याच दुभाषी बाई.

“ही कोण?”

“आई.”

“परवा तर काकू म्हणालीस.”

“आमच्या घरी आधी चुकीचं म्हणायचे,” भिंगरी म्हणाली. “आता बरोबर केलंय.”

दुभाषी बाईंना हसू फुटलं. त्यांनी ते शब्दाला शब्द लावून पलीकडे दिलं, आणि या वेळी पदरचंही थोडं घातलं. काय घातलं ते त्यांनी नंतर धाकटीला सांगितलं. “मी म्हटलं, साहेब, माझ्या माहेरी मीही आईला काकूच म्हणायचे. आमच्याकडे मोठ्या घरांत असं होतं.”

“मग परवा का नाही बोललात?” धाकटीने विचारलं.

“परवा मला कोणी विचारलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “आणि खरं सांगू? परवा मलाही तुमचा संशय आला होता.”

अधिकाऱ्याने शिक्का उचलला. भिंगरीचा अर्ज सरळ वाटेला लागला, तपासणी टळली. धाकटी उठायला लागली तशा बाईंनी तिला थांबवलं. “एक राहिलं. कागद यायच्या आधी तुमच्या गल्लीत एक माणूस येऊन जाईल. भिऊ नका, सगळ्यांकडे जातो. आजूबाजूला दोन प्रश्न विचारतो. मुलीचे वडील मधल्या वर्षांत कधी येऊन-जाऊन होते का, एवढंच. तुमचे तर आलेच नव्हते. मग काय प्रश्नच नाही.”

गल्लीत शिरताना बेकरीवालीने हात केला. शिंप्याने यंत्रावरून मान वर करून विचारलं, “झालं का पोरीचं?” धाकटीने दोघांनाही हसून मान डोलावली आणि दोघांच्याही पोटातलं वाक्य तिला ऐकू आलं. चार दिवस येऊन गेला.

थोरली दुकानाच्या पायरीवर बसून फ्रेमा पुसत होती. आत भाऊजी गिऱ्हाइकाला विचारत होते, “हे स्पष्ट, की हे?” भिंगरी थेट आत पळाली. जाताना तिने थोरलीकडे बघितलं नाही. कोणत्या नावाने हाक मारायची ते तिला ठरवता आलं नसावं.

“आई म्हणाली?” थोरलीने विचारलं.

“म्हणाली.”

“सुटलीस बाई.” थोरलीने फ्रेम खाली ठेवली. “तपासणीचं संकट गेलं.”

धाकटी तिच्याशेजारी बसली. “ताई, एक काम करायचं. ते चार दिवसांचं आता कोणाला सांगू नका. विचारायला माणूस येणार आहे. बेकरीवालीला, शिंप्याला, ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यांना सांगा, ‘माझीच ऐकण्यात चूक झाली होती. तो कधी आला नव्हता.’”

“अगं, पण ते सांगितलं म्हणून तर तुझी अब्रू राहिली! लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत.”

थोरली ओशाळून हसली. “तुला एक सांगू? हसू नकोस. मी ते इतक्यांना सांगितलं, इतक्यांदा सांगितलं, की कधी कधी मलाच वाटायचं, कोण जाणे, आला असेलही. तू परीक्षेला गेलीस तेव्हा. अडीच वर्षं पोरीला जेवू घालताना तिचं नाक बघायची, कान बघायची. म्हणायची, देवा, खरंच आला असू दे.” तिने आवाज अगदी खाली आणला. “एकदाच विचारते. पुन्हा कधी विचारणार नाही. आला नव्हता ना तो?”

सगळं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. लाकडांचा ट्रक, लॉजची गळकी मोरी, निघताना त्याने दारात तीनदा मागे वळून बघणं. एक शब्द उच्चारला असता तर ती सुटली असती. पण हे ऐकून थोरली आनंदाने खुळी झाली असती. तिने आधी नवऱ्याला सांगितलं असतं, मग नणंदेच्या नाकावर टिच्चून सांगितलं असतं, मग बेकरीवालीला म्हणाली असती, बघा, मी म्हणत नव्हते? वाईट गोष्ट या बाईने आठ वर्षं पोटात ठेवली होती. चांगली गोष्ट तिच्याच्याने संध्याकाळपर्यंतही राहिली नसती.

“नव्हता,” धाकटी म्हणाली.

थोरलीने डोळे मिटले, उघडले. मग धाकटीचा हात आपल्या हातात घेऊन थोपटला. “सांगितलंस ते बरं केलंस. मन मोकळं झालं. मी आजच जाते दोघांकडे, माझी चूक झाली म्हणून सांगते. आणि माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही हो.”

तिच्या मनात खरोखरच काही नव्हतं. जे कधी घडलंच नाही, त्याची माफी धाकटीला भर दुपारी, गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत पुरेपूर मिळाली, आणि तिने मान खाली घालून ती घेतली.